कांदा पोसला नाही ते वर्ष

आमच्या वाडीत कांद्याचं रोप न्यायचं ते माझ्या आईकडून. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पडून गेलेली वहिवाट होती. भात झोडून घरात आलं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की उतरत्या उन्हात बायका आमच्या परसाच्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि आतल्या वाफ्याकडे माना लांब करून विचारायच्या, "लक्षुमे, रोप कधी देनार गो?" आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "दम धरा जरा. अजून सुईएवढं हाय." हे म्हणताना तिच्या आवाजात थोडा तोरा यायचा. एरवी आई चारचौघींत तोंड उघडत नसे. पोलादपूरहून वर कुडपणच्या अंगाला आमची वाडी, आणि वाडीच्याही वरच्या टोकाला, डोंगराला पाठ लावून बसलेलं आमचं घर. जमीन बेताची. बाबा मुंबईला; घरात आई, मी आणि धाकटा बाळ्या. मोठ्या घरच्या लग्नात आईला पाट्यावर वाटण वाटायला बसवायचे, ओटी भरायला पुढे बोलवायचे नाहीत. पण कार्तिक उजाडला की त्याच घरच्या बायका आमच्या कुंपणापाशी यायच्या. आईच्या वाट्याला वर्षातून एवढाच मान होता आणि तो तिनं मातीतून मिळवलेला होता.

वाफा करताना आई मला जवळ बसवायची. माती ती धान्य चाळायच्या चाळणीनं चाळायची, जुनं शेणखत हातानं कुस्करून मिसळायची, मग चुलीतल्या राखेत बी कालवून ओळीत सोडायची. कांद्याचं बी काळं, कोनेदार, तिळापेक्षा जरासं मोठं. वर पेंढा अंथरायचा आणि बोटांच्या फटीतून पाणी शिंपायचं, ओतायचं नाही. ओतलं की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. कोंबड्या येऊ नयेत म्हणून करवंदीच्या काट्या लावायच्या आणि बाळ्याला राखणीला बसवायचं. तो तिथंच झोपून जायचा आणि कोंबड्या त्याच्या अंगावरून आत यायच्या. मग आईचं ओरडणं, कोंबड्यांची फडफड, बाळ्याचं रडणं. परस म्हटलं की आजही मला आधी हे आवाज ऐकू येतात. आठवड्यानं पेंढा उचलला की खाली हिरवे आकडे दिसायचे. कांद्याचा कोंब सरळ येत नाही, कमरेत वाकून येतो आणि डोक्यावर बियाचं काळं टरफल घेऊन उभा राहतो. ते बघून आई हसायची. ते हसू मी फार जपून ठेवलं आहे, कारण पुढच्या काही महिन्यांत ते गेलं.

कांद्याला आमच्याकडे एवढी किंमत का, हे आज महाडच्या बाजारात राहून समजावणं अवघड आहे. तेव्हा पाऊस लागला की वाडी चार महिने तुटायची. पोलादपूरला उतरायचं म्हणजे वहाळ आडवे, दरड कुठे येईल सांगता यायचं नाही. उन्हाळ्यात भरून ठेवलं तेवढंच खायचं: वाल, सुकट, आमसुलं आणि आढ्याला वेण्या घालून टांगलेला कांदा. सुकट कांद्याशिवाय भाजली तर नुसती खारट. भाजी नसेल त्या दिवशी नाचणीची भाकरी, वर मिठाचा खडा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. ज्या घराच्या आढ्याला वेण्या जास्त, ते घर भरलेलं मानायचे.

त्या वर्षी भादव्यात आमच्या माजघरावरचं कौल सरकलं आणि बियाच्या डब्यात पाणी गेलं. आईनं उघडलं तेव्हा बियाला बुरशी धरली होती. गणपतीला बाबा आले होते. आई त्यांना म्हणाली, "ह्या खेपेला बी तुमीच धाडा. मुंबईत काय मिळत नाय?" बाबा म्हणाले, "पोतंभर धाडतो." बाबांचं बोलणं असंच मोकळं असायचं. ते फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होते आणि वाडी त्यांना गणपत आचारी म्हणायची. आरतीनंतर प्रसाद खाता खाता माणसं विचारायची, साहेब लोक काय खातात? बाबा सांगायचे: अमुक सूप, तमुक पुडिंग, मासा असा की काटा सापडायचा नाही. मी आचारी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत.

दसऱ्याला महादू आला. तो शेजारच्या घरचा, मुंबईतच एका खानावळीत वेटर. त्यानं बाबांनी दिलेली फडक्याची पुरचुंडी आईच्या हातात ठेवली. बी काळं, कोनेदार, आईनं तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि म्हणाली, "भरलेलं हाय." नेहमीसारखा वाफा केला, नेहमीसारखे आकडे वर आले. रोप वीतभर झाल्यावर, पाती अजून बारीक असतानाच, आईनं जुड्या बांधल्या आणि बायकांनी त्या टोपलीत घालून नेल्या. सगळ्यांत मोठी जुडी राधाकाकीनं नेली. राधाकाकीच्या लेकीचं लग्न वैशाखात धरलं होतं. लग्नाला आणि वर पावसाला, दोन्हीला पुरेल एवढा कांदा तिला हवा होता. गुडघ्यांनी ती अधू, तरी वहाळाकाठची अख्खी पट्टी तिनं कांद्याला दिली.

पौषात एका सकाळी आई वाफ्यात बसलेली होती आणि उठेना. मी जवळ गेले. तिनं एक पात हातात धरली होती. कांद्याची पात गोल, आतून पोकळ. चिमटीत धरली तर फट् करून फुटते. ही चपटी होती, मधून घडी घातल्यासारखी, लसणीसारखी, पण लसणीपेक्षा रुंद. आईनं चार-पाच रोपं तपासली. मग उपटून एकाची मुळं बघितली. वास कांद्याचाच होता, पण मंद, जसं दुसऱ्या खोलीत कुणी कांदा चिरतंय.

"आई, काय गो हे?"

"काय नाय. कुनाला बोलू नको."

मी कुणाला बोलले नाही. बायका मात्र बोलू लागल्या. पाणवठ्यावर राधाकाकीनं विचारलं, "लक्षुमे, पात अशी कशी गो?" आईनं कळशी डोक्यावर चढवली, ती नीट बसवायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ घेतला आणि म्हणाली, "मुंबईची जात हाय. उशिरा पोसते." मी शेजारी उभी होते. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. आई खोटं बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. ती ते इतकं अवघडून बोलली की कुणाच्याही लक्षात यावं. पण तिचा शब्द वाडीत कधी वाकडा गेला नव्हता, म्हणून कुणी शंका घेतली नाही. माघ गेला. झऱ्याचं पाणी बारीक झालं. बायका झऱ्याखाली वाटी धरून कळशी भरायच्या आणि घरच्या आधी ते वाफ्याला घालायच्या. रोपं जोमानं वाढली, हिरवीगार, मनगटाएवढ्या दांड्यांची. खाली गड्डा मात्र कुठेच नव्हता. आई दर दोन दिवसांनी बोटानं माती उकरून बघायची आणि पुन्हा झाकायची.

हे लिहायला बसले त्याचं कारण सांगते. आमच्या महाडच्या घरी, पुराचं पाणी चढत नाही अशा वरच्या गच्चीवर, माझ्या सुनेनं दोन महिन्यांपूर्वी मातीचे ट्रे मांडले. त्यात लीकचं बी टाकलं, ते आता चांगलं वर आलंय. ती मोबाइलवर बघून सगळं करते: दांडा पांढरा व्हावा म्हणून माती कशी चढवायची, रोप लावताना खोल भोक कसं करायचं. परवा मला म्हणाली, "आई, तुम्हाला माहितीये का हे? विदेशी कांदा असतो." मी हो म्हणाले. पुढे काही सांगितलं नाही. सत्तरी उलटली, आई-बाबा दोघंही गेले, तरी त्या चपट्या पाती बघून माझी मान आपोआप खाली गेली. तिला वाटलं, मी रोपं न्याहाळतेय.

शिमग्याला बाबा आले. एस.टी.तून उतरून चढ चढून आले, बाळ्याला खांद्यावर घेतलं आणि हात-पाय धुवायला परसात गेले. तिथेच उभे राहिले. पाण्याचा तांब्या हातात तसाच.

"हे लीक हाय," बाबा म्हणाले.

"काय हाय?"

"लीक. सायबाचा कांदा. मी रोज चिरतो." मग त्यांनी आईकडे बघितलं. "ह्याला गड्डा धरत नाय गो. ह्याचा दांडाच खातात."

हॉटेलच्या मालकाच्या बंगल्यावर एक माळी होता. बाबांनी त्याच्याकडे कांद्याचं बी मागितलं आणि त्यानं ओंजळभर दिलं. कांदाच आहे, साहेब लोकांचा, असं तो म्हणाला, तेव्हा बाबांना उलट बरंच वाटलं. आपल्या वाडीत भारीतली जात लागेल. लीक त्यांनी हजार वेळा चिरला होता, पण त्याचं बी कधी बघितलं नव्हतं.

होळी लागली, दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेवर, गावच्या दगडी चौथऱ्यावर, बसली. सहाणेवर पालखी असताना वाडीतल्या माणसांनी काय असेल ते देवीसमोर बोलावं, अशी पद्धत. राधाकाकी उठली. ती भांडायला उठली नव्हती. काठीवर रेलून म्हणाली, "गणपता, तू आलायस तर तूच सांग. कांदा कदी पोसायचा? माज्या पोरीचं लगीन हाय."

सगळी माणसं बाबांकडे वळली. आई बायकांत बसली होती. तिनं पदर डोक्यावर पुढे ओढला. बाबा उठले आणि हसले. "काकी, तो कांदा नायच. कांद्यापेक्षा भारी वस्तू हाय. मुंबईत सायेब लोक त्याचं सूप पितात. उद्या सगळ्यांनी आमच्या अंगणात या. मी करून घालतो."

दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगडांवर मोठा टोप चढला. बाबांनी दांडे चिरले, आणि ते बघण्यासारखं होतं. सुरी दिसत नव्हती, नुसता टकटक टकटक आवाज. एकसारख्या चकत्या पडत होत्या. माणसं वा वा करत होती. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी बाळ्याला पुढे ढकलून म्हटलं, बघ. मग बटाटे पडले, पाणी पडलं, शेजारून मागून आणलेलं म्हशीचं दूध पडलं. आणि तिथून बाबांचा हात अडखळायला लागला. ते टोपात डाव घालायचे, थांबायचे, आईकडे बघायचे, पुन्हा ढवळायचे. दूध फाटलं. खालून करपल्याचा वास आला. बाबांनी लाकडं ओढली, पुन्हा सारली.

वाट्या भरल्या गेल्या. मग एका म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "ही तं आजाऱ्याची पेज." मागून कुणीतरी हसलं. एक पोर थुंकलं. महादू ओट्याच्या कडेला बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. घुटकाभर जास्त झाली होती आणि सगळे हसत होते म्हणून तोही बोलला. "अरे, ह्याला कुनी शेगडीला हात लावून देत नाय तिकडं! हा मागच्या दारी बसून भाजी चिरतो. कसला आचारी!"

मग सगळं अंगण हसलं. बाबाही हसले. डाव हातात धरून, मान हलवत, खरंय खरंय म्हटल्यासारखे ते हसत राहिले, इतरांचं हसू थांबलं तरी त्यांचं थांबेना. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, या माणसाशी माझं नातं नाही असं काहीतरी व्हावं. ते वाटल्याबरोबर आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आई बोलली. चारचौघींत न बोलणारी माझी आई अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"त्यांना कशाला हसता? त्यांनी धाडलं ते नकळत धाडलं. मला पौषातच कळलं होतं."

हसणारी तोंडं तिच्याकडे वळली.

"पात चपटी दिसली तेवाच कळलं, ह्यो कांदा नाय. मी बोलले नाय. मला लाज वाटली. तुमी सगळ्या पानी घालत होतात आनि मी बघत होते."

राधाकाकी काठी टेकत पुढे आली. "पानवठ्यावर मी तुला विचारलं होतं गो."

"होय."

"मंग ह्या गुडघ्यांनी मी दोन महिने पानी कशाला वाहिलं?"

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राधाकाकीनं वाटी ओट्यावर ठेवली आणि ती निघाली. तिच्यामागे एकेक करून सगळे गेले. बाबांवर हसणारं आता कुणी उरलं नव्हतं. आईनं तेवढं साधलं होतं, आणि त्यासाठी तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं दिलं होतं. हे मला फार उशिरा, मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं की आता शाळेची वाट या सगळ्या घरांच्या अंगणांवरून जाते. भरलेल्या वाट्या गोळा करून मी सूप गुरांच्या आंबोणात ओतलं. शाळेत माझं नाव 'चपटी' पडलं, आणि सातवी संपेपर्यंत तेच राहिलं.

बाबांनी कुदळ घेतली आणि घरोघरचे वाफे खणून मोकळे करून दिले. आधी राधाकाकीची पट्टी. त्यांना कुणी अडवलं नाही, कुणी पाणीही विचारलं नाही. मग ते मुंबईला गेले. त्या वर्षी गणपतीला आले नाहीत. सुट्टी नाही, असा निरोप महादूबरोबर आला. निरोप सांगताना महादू आमच्या उंबऱ्याकडे बघत होता.

पावसाच्या तोंडाशी आई महाडच्या खालच्या अंगाला आपल्या माहेरी गेली. लग्न झाल्यापासून तिनं माहेराकडे काही मागितलं नव्हतं. भावजयीपुढे तिनं काय शब्द वापरले ते मला माहीत नाही. ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर आणि मामाच्या खांद्यावर कांद्याच्या वेण्या होत्या. आम्ही दोघी दारोदार गेलो. आई वेणी पुढे करायची, म्हणायची, "एवढी ठेवा." काहींनी घेतली, काही जणी ती आत ठेवून बाहेर आल्या आणि हवापाण्याचं बोलल्या. राधाकाकी दारात आलीच नाही. आईनं वेणी तिच्या ओट्याच्या खुंटीला टांगली. सकाळी तीच वेणी आमच्या कुंपणाला टांगलेली होती. आईनं ती आमच्या आढ्याला टांगली. तो पावसाळा आम्ही त्या वेणीकडे वर न बघता काढला. खाल्ली नाही, शेवटी तिला कोंब फुटले.

पुन्हा कार्तिक आला. माहेरच्या बियाचा आईनं वाफा केला. आकडे वर आले, टरफलं गळली, रोप सुईएवढं झालं. कुंपणापाशी कुणी आलं नाही. आई संध्याकाळी परसात काम काढून बसायची आणि पाऊल वाजलं की मान वर करायची. ते बघवत नसे. मग एके दिवशी तिनं एक रोप उपटलं, हातात धरून वाडीच्या मधल्या वाटेनं राधाकाकीच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "काकी, बघ." काकी वाल सोलत होती. तिनं बघितलं नाही. आई परत आली. चार दिवसांनी पुन्हा एक रोप, पुन्हा तीच वाट. सगळी वाडी बघायची. मी आईच्या हाता-पाया पडले, "नको गो जाऊ, लोक हसतात." ती म्हणाली, "हसू देत. तिला दाखवलं पायजे." रोप वाढत गेलं तशी आई ते नेत राहिली, आज बोटभर, मग वीतभर.

त्या दिवशी तिनं मला बरोबर नेलं. मी अंगणाबाहेर, मान खाली घालून उभी. आई म्हणाली, "काकी, बघ." सोललेले वाल सुपात पडत राहिले. मग काकीचा आवाज आला, "आन इकडं." मी बघितलं. राधाकाकीनं पात चिमटीत धरली, दाबली, ती फट् करून फुटली. तिनं फुटलेलं टोक दातांखाली धरलं, चावलं आणि ती तोंड वाकडं करून थुंकली.

"कांदाच हाय," ती म्हणाली. रोप आईच्या हातात परत दिलं आणि पुन्हा वाल सोलायला लागली. "आता रोज रोज नको येऊ. उद्या टोपली घेऊन येते मी." मग वर न बघताच म्हणाली, "आनि त्या गणपताला निरोप धाड. शिमग्याला ये म्हनावं. पालखीला खांदे कमी पडतात."

आई तिथेच उभी राहिली. हातात उपटलेलं रोप, आणि ते टाकावं की न्यावं हे तिला सुचेना. मग ती खाली बसली, काकीच्या अंगणाच्या कडेला तुळशीला घातलेल्या पाण्यानं माती ओली होती तिथे तिनं बोटानं भोक पाडलं, रोप लावलं आणि अंगठ्यानं माती दाबली.